फराळाचे डबे, पाहुण्यांच्या बॅगा आणि दारात बर्फ: घरातल्या कुत्र्याविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी ते नवीन वर्ष या दोन महिन्यांबद्दलची पत्रं यंदा सर्वांत जास्त आली. बहुतेक अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांतली आहेत, एक पुण्याचं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतली प्रमाणं अंदाज यावा म्हणून दिली आहेत. तुमच्या कुत्र्याचं वजन, वय आणि जुनी दुखणी ज्याला ठाऊक आहेत त्या व्हेटचा (पशुवैद्याचा) शब्द अखेरचा मानावा.

प्रश्न : आई-बाबा पहिल्यांदाच सांगलीहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. आमचा लॅब्रॅडॉर तीन वर्षांचा, ३२ किलोचा, प्रेमळ पण अंगावर उड्या मारणारा. आईला कुत्र्यांची लहानपणापासून भीती आहे, बाबांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. शिवाय आईचं देवघर, सोवळं. कसं जमवावं? (एडिसन, न्यू जर्सी)

आईंची भीती अनाठायी नाही. रस्त्यावरचं कुत्रं चावलं तर रेबीज होऊ शकतो, हे त्या आयुष्यभर ऐकत आणि पाहत आल्या आहेत. म्हणून ‘काही करत नाही गं तो’ म्हणून भागत नाही. रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट त्यांना दाखवा, पुढची तारीख कधी आहे ते सांगा. त्याच्याशी मैत्री करायचा आग्रह मात्र धरू नका. तो आपल्या वाटेला येत नाही, एवढं दिसलं तरी त्यांना पुरेसं आहे.

ते येण्याआधी दोन-तीन आठवडे कुत्र्याला चटईवर बसायला शिकवा. बैठकीच्या खोलीत, दारापासून दूर, एक जाडसर चटई कायमची घाला. तो तिच्यावर गेला की खाऊचा दाणा चटईवरच टाका, हातातून देऊ नका. चारही पाय चटईवर असले तरच दाणा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पुरतात. चार-पाच दिवसांनी दाराच्या बेलचा आवाज फोनवर हळू वाजवून हेच करा, मग खरी बेल, मग शेजाऱ्यांपैकी कुणी आत येताना. घाई केली की फसतं ते इथेच. शांत घरात चटईवर बसणारा कुत्रा पाच माणसं आणि सहा बॅगा एकदम आत आल्या की सगळं विसरतो, कारण मधल्या पायऱ्या झालेल्याच नसतात.

ते पोचतील त्या दिवशी त्याला आधी तासभर फिरवून आणा. पहिली भेट लीशवर (दोरीने धरून), आई-बाबा खुर्चीत बसलेले असताना, दोन-तीन मीटर अंतरावरून व्हावी. त्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहू नये, डोक्यावरून हात नेऊ नये. आईंना वाटलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी दाणा त्याच्या पाठीमागे फेकावा. म्हणजे खाऊ मिळवायला तो त्यांच्यापासून दूर जातो. भित्र्या माणसाला हातावरून खाऊ द्यायला लावणं ही नेहमीची चूक आहे. दात जवळ आले की हात मागे खेचला जातो आणि कुत्रा हाताच्या मागे उडी घेतो.

बाबांच्या बाबतीत चावण्यापेक्षा पडण्याचा धोका मोठा आहे. जिन्याच्या वर आणि खाली उघडझाप होणारं दार असलेलं, भिंतीत स्क्रूने बसवलेलं गेट लावा. नुसतं दाबून अडकवलेलं गेट जिन्याच्या वरच्या टोकाला लावू नये, ते निसटतं. आणि म्हाताऱ्या माणसाला ओलांडून जावं लागेल असं गेट तर कुठेच नको. लॅबसाठी उंची साधारण ९० सेंटिमीटर हवी. नखं दर दोन आठवड्यांनी कापा. ओरखडा आला तर साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ कापड १० ते १५ मिनिटं, मध्ये न उचलता, दाबून धरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं, तर वरून काही दिसत नसलं तरी इमर्जन्सीत न्या. बर्फाळ फुटपाथवर त्यांच्या हाती लीश देऊ नका.

देवघराच्या खोलीला गेट लावलं की सोवळ्याचा प्रश्न बराचसा सुटतो. रोज ब्रशिंग बाहेर करा. केस उडतात म्हणून लॅबचे केस भादरू मात्र नका. तो आतला मऊ थर त्याला थंडीत हवा असतो. नैवेद्य पाटावर ठेवायची पद्धत असेल तर तेवढा वेळ कुत्रा दुसऱ्या खोलीत. कापूरही त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका, पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

आता बॅगा. पहिल्या रात्री सगळे जेटलॅगने पेंगुळलेले असतात आणि बॅगा जमिनीवर उघड्या पडलेल्या असतात. त्यात लाडू असतात, रक्तदाबाच्या आणि सांधेदुखीच्या गोळ्या असतात, कपड्यांत डांबरगोळ्या असतात. यातली कुठलीही वस्तू त्याला इमर्जन्सीत पोचवू शकते. आठवड्याचा गोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा लॅबला खेळण्यासारखाच वाटतो आणि तो एका चाव्यात फुटतो. बॅग उघडायची ती दार बंद करून. गोळ्या पहिल्याच रात्री वरच्या कपाटात गेल्या पाहिजेत.

प्रश्न : मागच्या दिवाळीत आमच्या १० किलोच्या कुत्रीने रव्याचे चार-पाच लाडू खाल्ले, त्यांत बेदाणे होते. आम्ही मिठाचं पाणी पाजलं, तिला उलटी झाली आणि ती बरी राहिली. हे बरोबर केलं का? फराळातलं काय चालतं, काय नाही? (मिसिसागा)

मिठाचं पाणी पुन्हा कधीही देऊ नका. उलटी झाली नाही तर तेवढं मीठ रक्तात जातं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं, झटके येतात, आणि मूळ विषाआधी मीठच जीव घेऊ शकतं. घरी उलटी करवायचीच असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, पण तेही व्हेटने फोनवर हो म्हटल्यावर आणि त्याने सांगितलेल्या मापानेच. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या, सुस्त पडलेल्या किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याला अजिबात नाही. पेट्रोलजन्य किंवा जळजळीत पदार्थ पोटात गेला असेल तरीही नाही.

बेदाणे, मनुका, द्राक्षं यांचा धोका मूत्रपिंडाला असतो. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुविष-तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते किती असेल हे जात आणि पिकण्यावर ठरतं, म्हणून ‘इतके बेदाणे चालतात’ असा आकडा देता येत नाही. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंचेचा कोळ, भेळेची आंबटगोड चटणी, चिंचगुळाची आमटी हे आपल्या घरांत त्याच यादीत धरा.

असं झालं तर लक्षणांची वाट पाहायची नाही. बेदाणे पोटात बराच वेळ राहतात, त्यामुळे दोन-चार तासांनीही दवाखान्यात उलटी करवून उपयोग होतो. त्यानंतर सहसा दोन दिवस सलाइन आणि तीन दिवसांपर्यंत मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या असतात. उलट्या थांबल्या म्हणजे निभावलं असं समजू नका. लघवी कमी होणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं आणि तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

तळलेला कांदा किंवा कांदा-लसूण मसाला पडलेला चिवडा, बटाटेवडे, भजी हे वेगळ्या तऱ्हेने घातक आहेत. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात. वाळवलेला किंवा तळलेला कांदा कच्च्यापेक्षा कमी वजनात जास्त त्रास देतो. हे तीन-चार दिवसांनी कळतं. हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं दमतं. तोवर चिवडा कुणाच्या लक्षातही नसतो.

चॉकलेटचं गणित घरी करता येतं. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन (कुत्र्याला बाधणारं द्रव्य) असतं, गडद चॉकलेटमध्ये ५ किंवा त्याहून जास्त, बेकिंगच्या बिनसाखरेच्या वडीत सुमारे १५. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या, जुलाब, बेचैनी सुरू होते. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या आसपास झटके येतात. म्हणजे तुमच्या १० किलोच्या कुत्रीने १०० ग्रॅम दुधाचं चॉकलेट खाल्लं तर ती आजारी पडेल, तेवढंच गडद खाल्लं तर जिवावर बेतेल. रॅपर फेकू नका, फोनवर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या, च्युइंगम आणि काही पीनट बटरवर झायलिटॉल किंवा ‘बर्च शुगर’ (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का पाहा. किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी रक्तातली साखर एकदम उतरते, कधी १० मिनिटांत, कधी तासाभरात.

चकली, शंकरपाळे, करंजी यांचा एखादा तुकडा पडलेला खाल्ला तर घाबरू नका, करंजीच्या सारणात बेदाणे नाहीत ना तेवढं पाहा. पण ताटलीभर तळण आणि तूप, किंवा थँक्सगिव्हिंगला टर्कीची कातडी, याने स्वादुपिंडाला सूज येते. एक-दोन दिवसांनी उलट्या, अन्नावरची वासना उडणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरून राहणं ही त्याची खूण. शिजलेली हाडं कुठल्याच सणाला नाहीत. चालतं ते असं : बिनमिठाचा भात, उकडलेलं कोंबडीचं मांस, गाजर, उकडलेला लाल भोपळा, बी काढलेलं सफरचंद. मुलांना कुत्र्याला काही द्यायचंच असतं, त्यांच्या हातात गाजराची वाटी द्या.

हे नंबर फ्रीजवर लावून ठेवा : एएसपीसीए (अमेरिकेतली प्राणिरक्षण संस्था) पॉयझन कंट्रोल ८८८-४२६-४४३५, पेट पॉयझन हेल्पलाइन ८५५-७६४-७६६१ (कॅनडातूनही चालते). दोन्ही चोवीस तास, दोन्हीकडे शुल्क लागतं, आणि ते देण्यासारखं आहे.

प्रश्न : चार वर्षांची भाची घरी आली की आमचा एरवी शांत कुत्रा गुरगुरतो. रागवावं का? (सॅन होजे)

नाही. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती शिक्षा करून बंद पाडली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. त्याआधीच्या खुणा ओळखा : ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसणं, तोंड मिटून अंग ताठ करणं. ताठ झाला की पुढचा क्षण धोक्याचा असतो. मुलीला तिथून शांतपणे उचला, कुत्र्याला ओढू नका. तो खात असताना, झोपलेला असताना, सोफ्याखाली शिरलेला असताना मुलीने त्याच्याकडे जायचं नाही, आणि एका खोलीत दोघं असतील तर एक मोठं माणूस फोन बाजूला ठेवून तिथे बसलेलं हवं. तसं कुणी मोकळं नसेल तर कुत्रा बंद दारामागे, चघळायला काहीतरी देऊन. मोठ्यांच्या गप्पा रंगतात तेव्हाच हे अपघात होतात. गुरगुरणं नव्यानेच सुरू झालं असेल तर कान, दात, सांधे तपासून घ्या, बऱ्याचदा कुठेतरी दुखत असतं.

प्रश्न : नागपूरहून आणलेली आमची देशी कुत्री यंदा पहिला हिवाळा पाहणार. बर्फावर दोन मिनिटांत पाय उचलून उभी राहते. बूट घातले तर हलतच नाही. (मिनिॲपोलिस)

देशी कुत्र्यांचे केस आखूड आणि आतला ऊबदार थर नावापुरता. तिला थंडी खरोखरच वाजते आहे, तो हट्ट नाही. शून्याखाली कोट, उणे ७ च्या खाली फक्त शी-शूपुरतं बाहेर, उणे १२ च्या खाली तर मिनिटं मोजून. वाऱ्यासह जाणवणारं तापमान पाहायचं, नुसता पारा नाही. कोट पोटाखालूनही झाकणारा हवा. ओला झाला की लगेच काढा, ओला कोट अंगातली ऊब ओढून घेतो.

पाय उचलण्याची कारणं तीन : बोटांमध्ये अडकलेले बर्फाचे गोळे, रस्त्यावरचं मीठ, किंवा नुसता गारठा. बोटांमधले केस पंजाच्या तळव्यावरच्या गादीच्या पातळीत बोथट टोकाच्या कात्रीने कापा. निघण्याआधी पंजाचं मेण किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. परत आल्यावर नुसतं पुसून मीठ निघत नाही. दाराशी कोमट पाण्याचं भांडं ठेवा, एकेक पाय बुडवा, बोटांच्या बेचक्यांत अंगठा फिरवा आणि पूर्ण कोरडं करा. ओलं राहिलं की चिरा पडतात. पोटही पुसा, चालताना मिठाचं पाणी तिथे उडतं. हे सगळं ती चाटायच्या आत झालं पाहिजे, ते मीठ पोटात जाऊन उलट्या होतात. बर्फ वितळवण्याच्या मिठांपैकी कॅल्शियम क्लोराइड ओलं होताना तापतं आणि कातडी जाळतं. तुमच्या ड्राइव्हवेवर पाय घसरू नये म्हणून वाळू टाकली तरी काम भागतं.

बुटांचं माप पंजा अधांतरी धरून घेतलेलं असतं, म्हणून ते चुकतं. ती उभी असताना, वजन पायावर असताना, कागदावर पंजाची कड आखा. बुटाची पट्टी पंजाच्या वरच्या निमुळत्या भागावर, एक बोट आत जाईल इतपत घट्ट. पहिले काही दिवस घरातच, पुढचे दोन बूट फक्त, पाच मिनिटं, खाऊ देत. चारही बूट एकदम चढवून बाहेर काढलं की ती खांबासारखी उभी राहणारच.

थरथरणं अचानक थांबून ती सुस्त झाली तर ते बरं होणं नव्हे, शरीर हरल्याची खूण आहे. कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा, कापडात लपेटलेली गरम पाण्याची बाटली काखेशी ठेवा आणि व्हेटला फोन करा. कानाची किंवा शेपटीची टोकं पांढुरकी, कडक झाली असतील तर चोळू नका. गॅरेजमध्ये गाडीचं अँटिफ्रीझ सांडलेलं नाही ना, हे या दिवसांत रोज पाहा. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल गोडसर असतं. प्यायलेलं कुत्रं आधी झिंगल्यासारखं चालतं, मग काही तास ठीक वाटतं, आणि मग मूत्रपिंडं बंद पडतात. औषधाचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो.

प्रश्न : नाताळात घरी दहा पाहुणे, दोन कुत्रे, आणि वादळाचा इशारा. वीज गेली तर? (रॉचेस्टर, न्यू यॉर्क)

२०२२ च्या नाताळात बफेलोत वाहनांवर बंदी होती आणि काही भागांत आपत्कालीन सेवासुद्धा पोचू शकल्या नाहीत. म्हणून तयारीचा हिशोब ‘कुणी येणार नाही’ असा धरून करा.

कुत्र्यांचं खाणं आणि औषधं किमान आठवड्याची, दोन आठवड्यांची असतील तर उत्तम. पाणी किलोमागे दिवसाला ६० मिलिलिटर, म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याला सुमारे दोन लिटर. दहा माणसांच्या पाण्यात हे धरलेलं नसतं, वेगळे कॅन भरा. लसीच्या कागदांचे फोटो फोनमध्ये असू द्या.

बर्फ पडायच्या आधी अंगणात कुत्र्यांच्या नेहमीच्या जागी ताडपत्री अंथरून खुंट्या ठोका. वादळात दर काही तासांनी वरचा बर्फ ओढा, शेवटी ताडपत्री उचलली की खाली गवत मिळतं. हे केलं नाही तर छातीभर बर्फात कुत्री शी-शू दाबून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ती घरात होते. कुंपणाकडे लक्ष द्या. वाऱ्याने बर्फाचा ढिगारा कुंपणाला टेकला की दीड मीटरचं कुंपण गुडघाभर उरतं आणि कुत्रा सहज चालत पलीकडे जातो. बर्फाखाली वासाच्या खुणा दबल्याने त्याला परतीची वाट सापडत नाही. म्हणून स्वतःच्या अंगणातही लीश, आणि घरातही गळ्यात नाव-नंबर. दहा पाहुण्यांच्या ये-जा करण्यात दार उघडं राहतंच.

फर्नेसचा (घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचा) धूर बाहेर सोडणारा पाइप बऱ्याच घरांत बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर निघतो. तो बर्फाने बुजला तर फर्नेस बंद पडतो किंवा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येतो. त्याच्याभोवतीचा बर्फ हाताने काढत राहा. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर दूर, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही. गॅसची शेगडी ऊब म्हणून पेटवायची नाही, कोळशाची शेगडी तर आत आणायचीच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म वाजला, किंवा माणसांची डोकी दुखू लागली आणि कुत्री लोळागोळा झाली, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, फोन नंतर.

वीज गेली की एकाच खोलीत जमा, दाराच्या फटीत पंचे. मेणबत्त्या-पणत्यांऐवजी बॅटरीचे कंदील लावा, शेपटी नेमकी टेबलाच्या उंचीवर फिरते. फ्रीज न उघडता चार तास टिकतो, भरलेला फ्रीझर ४८ तास. त्यानंतरचं शिळं-संशयास्पद अन्न ‘कुत्र्याला घालू’ म्हणून ठेवू नका. व्यायामाला पर्याय म्हणून त्यांचं रोजचं खाणं जुन्या पंचात गुंडाळून, गाठी मारून शोधायला द्या. पंधरा मिनिटं हुंगल्याने कुत्रं बऱ्यापैकी दमतं. दोन्ही कुत्र्यांना हे वेगवेगळ्या कोपऱ्यांत द्या. कोंडलेल्या घरात खाण्यावरून भांडणं लवकर होतात.

प्रश्न : फटाक्यांत आमचा कुत्रा पलंगाखाली लाळ गाळत थरथरतो. मागच्या वर्षी दिलेल्या गोळीने तो नुसता पडून राहिला, डोळे मात्र भेदरलेले. (पुणे)

वर्णनावरून ती अ‍ॅसेप्रोमाझिन असावी, खात्रीसाठी जुनी चिठ्ठी पाहा. त्या गोळीने अंग ढिलं पडतं, पण भीती तशीच राहते, आणि हलता न आल्याने ती वाढूही शकते. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम यांतलं काय योग्य ते पशुवैद्यांशी आत्ताच बोला. ही भीतीवर काम करतात. पहिला डोस ऐन दिवाळीत देऊ नका. आठवडाभर आधी, शांत दिवशी एकदा देऊन पाहा, कारण एखादं कुत्रं उलट चाळवतं. सणाच्या दिवशी आवाज सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी द्यावं लागतं. भीती चढल्यावर दिलेली गोळी फारशी चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, पण नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळीच बार उडतात. म्हणून त्या दिवशी पहाटेचं फिरणं टाळा. सकाळी दहानंतर आणि दुपारी चारच्या सुमारास न्या, गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्हींना लीश अडकवून. संध्याकाळचं जेवण सहालाच. आतली, रस्त्यापासून दूरची खोली, खिडक्या-पडदे बंद, पंखा पूर्ण वेगाने, टीव्ही चालू. तो पलंगाखाली गेला तर जाऊ द्या, ओढून काढू नका. जवळ बसून थोपटलं तर त्याची भीती वाढत नाही, हवं तितकं थोपटा.

प्रश्न : २० डिसेंबरला भारतात जातोय. कुत्र्याला बोर्डिंगमध्ये (कुत्रे सांभाळणाऱ्या ठिकाणी) ठेवायचं की बरोबर न्यायचं? (शार्लट)

तीन-चार आठवड्यांसाठी बरोबर नेऊ नका. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत परतणाऱ्या कुत्र्यांचे नियम कडक झाले आहेत, भारत रेबीजच्या उच्च-जोखीम यादीत आहे, आणि अमेरिकेतल्या लसीचा फॉर्म निघण्यापूर्वीच सरकारी पशुवैद्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तो राहिला तर परतताना कुत्रा अडकतो.

बोर्डिंगवाले रेबीज, डीएचपीपी (डिस्टेंपर, पार्वो वगैरेंची एकत्र लस) आणि बोर्डेटेला (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस) मागतात, बरेच जण श्वानफ्लूची लसही. फ्लूचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने असतात आणि दुसऱ्यानंतर दोन आठवडे जावे लागतात, म्हणून पहिला डोस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत घ्या. नोव्हेंबरमध्येच एक रात्र ठेवून पाहा. तो तिथे जेवला का, हे विचारा. नेहमीचं खाणं दिवसागणिक पिशव्यांत भरून द्या, खाणं बदललं की जुलाब ठरलेले. आणि तुम्ही विमानात असताना उपचारांचा निर्णय कोण घेणार, किती डॉलरपर्यंत, हे तुमच्या व्हेटकडे लेखी देऊन ठेवा.